शांतिसेनेतलं सिव्हिल अफेअर्स: प्रमुखाला काम तरी काय असतं?

पामबीचकर (नेरूळ)

मंडळी, गटात बाकीच्या धाग्यांवर पाणीकपात आणि पार्किंग चालू आहे. हा विषय जरा लांबचा, पण या कामातली जाणती माणसं इथे आहेत, म्हणून इथेच टाकतोय.

आधी माझं मत सांगतो, मग हवं तर जोडे मारा. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिमोहिमेत सैन्याला फोर्स कमांडर असतो, पोलिसांना पोलीस कमिशनर. धान्य-औषधं बघायला मदत संस्था आहेत. राजकीय बोलणी मोहिमेचे प्रमुख स्वतः करतात. मग सिव्हिल अफेअर्सच्या, म्हणजे नागरी कामकाज विभागाच्या, प्रमुखाला उरतं काय? गावोगाव बैठका, चहापाणी आणि छोट्या प्रकल्पांच्या फिती कापणं. नगरसेवक निधीतून बाकडी वाटायची आणि पाठीवर नाव रंगवून घ्यायचं, तसलं काम.

चुकत असेन तर एक ठोस प्रश्न घ्या. दक्षिण सुदानातलं राज्य पातळीवरचं कार्यालय. हाताखाली दहा-बारा माणसं, त्यातली निम्मी स्थानिक. दोन-तीन गाड्या, हेलिकॉप्टर मिळालं तर मिळालं. नवीन प्रमुख सोमवारी रुजू झाला. पहिल्या महिन्यात त्याने काय करायचं? "विश्वास संपादन करायचा" असली पुस्तकी उत्तरं नकोत.

येऊरकर

पामबीचकर, बाकड्यांची उपमा झकास, पण नेम चुकला.

संयुक्त राष्ट्रांच्या २००८ च्या धोरणपत्रात सिव्हिल अफेअर्सची तीन कामं दिली आहेत. स्थानिक पातळीवर साऱ्या मोहिमेचं प्रतिनिधित्व आणि तिथल्या परिस्थितीवर लक्ष. गटागटांतला तणाव हाताळणं, समेटाला हातभार लावणं. आणि जिथे शासन पोचलेलं नाही तिथे ते पोचायला मदत करणं. फिती कापणं या यादीत नाही. छोटे प्रकल्प हे फक्त हत्यार, तेही दुसऱ्या कामासाठी वापरायचं.

"फोर्स कमांडर आहे ना" म्हणता, त्याचं उत्तर असं. बटालियनची गस्त गावात जाते, अर्धा तास थांबते, चीफशी हात मिळवते आणि परत येते. चीफ म्हणजे आपल्याकडचे पाटील. पाटील सांगतात, सगळं ठीक आहे. ठीक नसतं हे विहिरीवरच्या बायकांना, शाळामास्तरांना आणि गुरांच्या तळावरच्या पोरांना माहीत असतं. त्यांच्याशी बोलायला बिनगणवेशाची, त्यांची भाषा जाणणारी, पुन्हा पुन्हा येणारी माणसं लागतात. ती माणसं कुठे पाठवायची, त्यांनी आणलेली माहिती कुणाच्या टेबलावर ठेवायची आणि तिच्यावरून कुणाला हलवायचं, हे प्रमुखाचं काम.

आणखी एक गोंधळ आधीच मिटवतो. अमेरिकी लष्करात सिव्हिल अफेअर्स नावाच्या गणवेशधारी तुकड्या असतात. संयुक्त राष्ट्रांत हा विभाग पूर्णपणे नागरी. लष्कराच्या बाजूने नागरिकांशी समन्वय ठेवणाऱ्यांना तिथे सिमिक म्हणतात. दोघांची गल्लत झाली की पुढचं सगळं चुकतं.

उपवन_४००६०६

हे प्रकरण कोसोवोपासून सुरू झालं ना, १९९९ ला?

निळीटोपी

नाही. त्याच्या सात वर्षं आधी, १९९२ मध्ये, युगोस्लाव्हियातल्या अनप्रोफॉर मोहिमेत. नागरी बाजू सेड्रिक थॉर्नबेरी बघत. त्या मोहिमेचे पहिले फोर्स कमांडर आपले सतीश नंबियार, आणि ते मराठा लाइट इन्फन्ट्रीचे अधिकारी. म्हणजे जन्माच्या वेळीच मराठा रेजिमेंट हजर होती म्हणायला हरकत नाही.

कोसोवो आणि पूर्व तिमोर हा वेगळा प्रकार. तिथे संयुक्त राष्ट्रांनीच काही काळ राज्यकारभार चालवला, नियम काढले, कर गोळा केले. तिथला अधिकारी हुकूम काढू शकत होता. आज काँगो, दक्षिण सुदान किंवा मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात सिव्हिल अफेअर्सवाल्याला साध्या शिपायालाही हुकूम देता येत नाही. फक्त बोलता येतं.

वाशी_सेक्टर_१७

फक्त बोलता येतं आणि वर पगारही मिळतो. ठाण्यात अशी लाखभर माणसं फुकट उपलब्ध आहेत.

कळवा_खाडी

वाशीकर +१

यावरून भिवंडी आठवली. १९८४ च्या दंगलीनंतर सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त असताना मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या. दोन्ही समाजांची सामान्य माणसं, रिक्षावाले, यंत्रमाग कामगार, त्या त्या भागातल्या हवालदाराबरोबर नियमित बसायची. १९९२-९३ ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. सिव्हिल अफेअर्स म्हणजे हेच ना?

येऊरकर

कळवा_खाडी, बरंचसं हेच. खास करून एक गोष्ट: कमिटीत पुढारी नव्हते, सामान्य माणसं होती, आणि भांडण नसतानाही बैठक व्हायची. भांडण झाल्यावर बोलावलेल्या बैठकीत प्रत्येक जण भाषण करतो.

फरक एवढाच की कमिटीत बसलेल्या हवालदाराच्या मागे कायदा होता. अफवा पसरवणाऱ्याला तो सकाळी पोलीस ठाण्यात बसवू शकत होता. सिव्हिल अफेअर्सकडे ती काठी नाही. म्हणून बैठकीत ठरलेलं पुढे नेणारा कोणीतरी, मग तो कमिशनर (पोलिसांचा नव्हे, तालुक्याचा सरकारी प्रमुख) असो, बिशप असो वा बाजार समिती, आधी शोधून ठेवावा लागतो. मगच बैठक.

रेतीबंदर

माहिती वर पोचवण्याबद्दल कुणी बोललं नाही, आणि खरी घाण तिथेच होते.

मोहिमेच्या मुख्यालयात दोन जागा असतात. संयुक्त संचालन केंद्र, जे रोजचा अहवाल बांधतं, आणि संयुक्त विश्लेषण केंद्र, जे पुढे काय होईल ते बघतं. जिल्ह्यातून येणारा निरोप साधारण असा असतो: "अमुक गावी तणाव आहे, परिस्थितीवर लक्ष आहे." हा निरोप कचरापेटीतच जायचा. बटालियनचा ऑपरेशन्स अधिकारी त्याच्यावरून काहीच करू शकत नाही.

चांगल्या निरोपात पाच गोष्टी हव्यात. काय झालं आणि कधी. हे डोळ्यांनी पाहिलं, दोन वेगवेगळ्या लोकांकडून ऐकलं, की नुसती बाजारातली कुजबुज. कुणाला फायदा, कुणाला धोका. पुढच्या तीन दिवसांत काय होऊ शकतं. आणि कुणी काय करावं. ही पाचवी ओळ नेहमी गायब असते. "गुरुवारी बाजाराचा दिवस आहे, सकाळी सात ते अकरा रस्त्याच्या पुलाजवळ गस्त हवी" असं लिहिलं की ऑपरेशन्स अधिकारी गाडी काढतो.

माहिती देणाऱ्याचं नाव लेखी कधीच नाही. "शाळेचे मुख्याध्यापक" असंही नाही. त्या गावात मुख्याध्यापक एकच असतो.

पामबीचकर (नेरूळ)

रेतीबंदर, मुख्याध्यापकाचा मुद्दा डोक्यात आला नव्हता. पण माहितीच आणायची तर काँगोत स्थानिक संपर्क सहायक नेमलेत ना? मग प्रमुख कशाला?

निळीटोपी

काँगोत ते २०१० पासून आहेत. स्थानिक कर्मचारी, थेट बटालियनच्या पुढच्या तळांवर राहणारे. गावांशी फोनचं जाळं बांधतात, जिथे सिग्नल नाही तिथे रेडिओ. गावावर हल्ल्याची चाहूल लागली की फोन तळावर येतो.

या जाळ्याचं दुखणं फोनमध्ये नाही. इशारा आला आणि गस्त गेली नाही, असं तीनदा झालं की चौथा फोन येत नाही. म्हणून प्रमुखाने दर आठवड्याला दोन आकडे शेजारी शेजारी ठेवायचे: किती इशारे आले, कितींवर कोणी हललं. नुसते इशारे मोजणारं कार्यालय छान रंगीत तक्ते काढतं आणि गावं सोडून देतं.

सहायकांची सुरक्षा हाही प्रमुखाचाच विषय. परदेशी अधिकारी विमानात बसून निघून जातो, सहायक त्याच गावात राहतो. तो कुठल्या जमातीचा, कुठल्या रस्त्याने जाऊ शकत नाही, हे नकाशावर नसतं. विचारावं लागतं, तेही एकट्याला.

मोरबेचं_पाणी

फिती कापण्यावर येतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं आणि सगळ्यांना ते किरकोळ वाटतं.

त्वरित प्रभाव प्रकल्प, मोहिमेत सगळे क्यूआयपी म्हणतात. शांतिमोहिमांच्या सुधारणेवरच्या २००० च्या ब्राहिमी अहवालाने मोहीम प्रमुखांच्या हाती असा थोडा पैसा द्यावा अशी शिफारस केली होती. सध्याच्या पद्धतीत एका प्रकल्पाला साधारण ५०,००० डॉलरपर्यंत, सहा महिन्यांत काम संपायला हवं, पगार-भत्त्यासारखा चालू खर्च त्यातून नाही. पैसे हप्त्याने, शेवटचा हप्ता काम तपासून झाल्यावर. मंजुरी एकट्या प्रमुखाच्या हाती नसते, प्रकल्प समिती असते.

आता उदाहरण म्हणून बोअरवेल घ्या, त्यावर इंडिया मार्क-टू हातपंप. हा पंप दक्षिण सुदानात सगळीकडे दिसतो. मिनिटाला चाळीसेक दट्टे मारले तर बारा लिटर पाणी, म्हणजे तासाला सातशे-सव्वासातशे. मानवतावादी कामातलं साधारण माप असं की माणशी दिवसाला १५ लिटर आणि एका हातपंपावर जास्तीत जास्त ५०० माणसं. पाचशे गुणिले पंधरा, साडेसात हजार लिटर. सतत हापसलं तर दहा तासांवर. म्हणजे पंप माणसांनीच पुरता संपवला.

आता गुरं. मोठं जनावर उन्हाळ्यात दिवसाला तीसेक लिटर पितं. दोनशे गुरांचा कळप आला की सहा हजार लिटर, म्हणजे आणखी आठ तास. दिवसात तेवढे तास नाहीत. पहाटे रांगेत बायका आणि पोरी, सकाळी आठला बंदूकवाले गुराखी. प्रकल्पाच्या कागदावर "दोन समाजांत सलोखा" लिहिलेलं, आणि प्रत्यक्षात पंपाच्या चौथऱ्यावर भांडण मांडून ठेवलेलं.

उपाय अवघड नाही. पंपाच्या सांडपाण्यावर नव्हे, वेगळ्या हौदावर गुरं, आणि तो हौद चौथऱ्यापासून लांब. शक्य असेल तिथे गुरांसाठी वेगळं साठवण तळं. आणि बोअर कुठे मारायचा ते ठरवताना भूजलवाला आणि सिव्हिल अफेअर्सवाला दोघंही जागेवर हवेत. भूजलवाला पाणी कुठे आहे ते सांगतो, दुसरा ते कुणाचं होईल ते.

तलावपाळी_फेरफटका

मोरबे, वाचनखूण साठवली. देखभालीचं काय? पंप बंद पडतात ना?

मोरबेचं_पाणी

पडतात, आणि दरवेळी त्याच कारणांनी. सिलिंडरमधला कप वॉशर झिजतो, मग दहा दट्टे मारल्याशिवाय पाणी चढत नाही. मार्क-टूमध्ये वॉशर बदलायला खालचे सगळे पाइप वर काढावे लागतात. प्रत्येक पाइप तीन मीटरचा, लोखंडी. तीस मीटर खोल असेल तर दहा पाइप, तिकाटणं आणि चार-पाच धट्टीकट्टी माणसं. मार्क-थ्रीमध्ये पाइप न काढता वरूनच दट्ट्या ओढून घेता येतो, म्हणून नवीन ठिकाणी तो घ्यावा. पाणी आम्लधर्मी असेल तर गॅल्व्हनाइज्ड पाइप आतून खातं, पाणी तांबूस येतं, चव बिघडते आणि लोक पुन्हा नदीवर जातात. तिथे स्टेनलेस किंवा पीव्हीसी पाइप.

म्हणून प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात दोन वर्षं पुरतील एवढे वॉशर, पान्यांचा संच आणि दोन जणांचं प्रशिक्षण धरायचंच. त्या दोघांत एक बाई असावी, कारण पुरुष गुरांबरोबर तळावर निघून जातात.

अवांतर: हा इंडिया मार्क-टू मूळचा आपल्याकडच्या जालना आणि सोलापूर इथल्या मिशनऱ्यांच्या पंपांवरून बेतलेला. सत्तरच्या दशकात युनिसेफच्या पुढाकाराने त्याचा नमुना पक्का झाला. महाराष्ट्राच्या दुष्काळाची देणगी, नाईलच्या काठावर.

वाशी_सेक्टर_१७

जालन्याचा पंप सुदानात चालतो आणि आमच्या टॉवरच्या बाराव्या मजल्यावर पाणी चढत नाही. शांतिसेना इकडे पाठवा.

घोडबंदर_जाम

मोरबेंच्या प्रतिसादाला एक जोड. तारखा.

शांतिमोहिमांचं आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून. दक्षिण सुदानात पाऊस साधारण मे ते ऑक्टोबर. म्हणजे नवीन पैसा हाती येतो तेव्हा रस्ते चिखलात बुडालेले, आणि जूनमध्ये हिशेब मिटवायची घाई असते तेव्हा पुन्हा पाऊस सुरू. पैसे ३० जूनच्या आत कामाला बांधले गेले नाहीत तर त्या वर्षाचे गेले.

त्यामुळे क्रम उलटा लावावा लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये गावांशी बोलून प्रस्ताव लिहायचे, ऑक्टोबरपर्यंत समितीची मंजुरी, नोव्हेंबरात रस्ता सुकला की सिमेंट हलवायचं. सिमेंट बहुतेक युगांडातून सीमेवरच्या निमुलेच्या रस्त्याने राजधानी जुबाला येतं, पुढे मलाकालसारख्या ठिकाणी नाईलवरून बार्जने. बार्जवर आणि गोदामात दमट हवेत पडलेल्या पोत्यांतलं सिमेंट दगड होतं. म्हणून पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब, आणि आलेल्या क्रमाने वापरायची. जानेवारीत मंजूर झालेला प्रकल्प मे महिन्यात अर्ध्या भिंतींसकट उभा दिसला तर दोष कंत्राटदाराचा नसतो, मंजुरीच्या तारखेचा असतो.

कोपरी_पूर्व

तुम्ही सगळे लष्कराला फारच कमी लेखताय. भारतीय तुकड्या वैद्यकीय शिबिरं घेतात, गुरांचे डॉक्टर नेतात, रस्ते करतात. लोकांना हे दिसतं. सिव्हिल अफेअर्सच्या बैठका कुणाला दिसतात? मन जिंकायचं तर औषधाची गोळी बरी.

येऊरकर

कोपरीकर, गुरांच्या डॉक्टरची किंमत दक्षिण सुदानात माणसांच्या डॉक्टरपेक्षा जास्त असते, हे शंभर टक्के मान्य. पण त्याच शिबिराची दोन रूपं बघा.

पहिलं: बटालियन एका गावात तीन दिवस मोफत औषधं वाटते. त्याच गावात एक आरोग्य सेविका महिनाभर औषधांशिवाय दवाखाना उघडा ठेवून बसलेली असते. शिबिरानंतर लोक तिच्याकडे जाणं सोडतात. बटालियन वर्षाने बदलून घरी जाते. सेविका गेली, शिबिरही गेलं.

दुसरं: गुरांना लस, पण फक्त रस्त्याच्या अलीकडच्या गावांतल्या, कारण पलीकडे गाडी जात नाही. पलीकडच्यांना दिसतं की निळी टोपी, म्हणजे शांतिसेना, त्यांच्या शत्रूंची गुरं धष्टपुष्ट करतेय.

शिबिर बंद करा असं कुणीच म्हणत नाही. शिबिर सेविकेच्या दवाखान्याच्या अंगणात घ्या, औषधं तिच्या हातून वाटा, नोंद तिच्या वहीत. लस दोन्ही बाजूंना एकाच आठवड्यात, नाहीतर दोन्हीकडे नाही. हे ठरवायला सिमिक अधिकाऱ्याबरोबर दर आठवड्याला अर्धा तास बसायचं आणि एकच कॅलेंडर ठेवायचं. बटालियन बदलायच्या महिनाभर आधी नवीन सिमिक अधिकाऱ्याला ते पोचायला हवं.

कोपरी_पूर्व

सेविकेच्या हातून, हे पटलं. "बैठका कुणाला दिसतात" मात्र कायम.

ढोकाळी

कोपरीकर, बैठक दिसत नाही कारण तिच्यातला खरा भाग बैठकीच्या आधीच उरकलेला असतो. मारियल बाई करार घ्या, २०१६.

उपवन_४००६०६

ही मारियल बाई कोण? नावावरून तब्येत बरी दिसत नाही.

ढोकाळी

उपवन, हसलो. गावाचं नाव आहे, पश्चिम बहर अल गझलमधलं. सुक्या हंगामात वाराप राज्यातले गुराखी चाऱ्या-पाण्यासाठी गुरं घेऊन या बाजूला उतरतात. गुरं कापणीच्या आधी पोचली तर उभं पीक खातात, मग शेतकरी गाय मारतो, मग गुराखी माणूस मारतो. करारात साध्या गोष्टी आहेत: यजमान भागाची आधी परवानगी घ्यायची, ठरलेल्या वाटांनी यायचं, बंदुका नाहीत, पीक खाल्लं तर भरपाई, गाय मारली तर भरपाई. दोन्ही सुदानांमधल्या वादग्रस्त अबयेईतही न्गोक डिंका आणि मिस्सेरिया या जमातींत हंगामाआधी आणि हंगामानंतर अशाच बैठका होतात.

बैठक कशी लावायची ते नीट लिहितो, कारण प्रमुखाचं कसब इथे उघडं पडतं.

तारीख. गुरं निघायच्या आधी, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात. जानेवारीतली बैठक म्हणजे भांडणाचा पंचनामा.

माणसं. चीफ येतात, पण गुरांच्या तळावरच्या पोरांवर त्यांची सत्ता नसते. बंदुका पोरांकडे असतात. तळांचे तरुण म्होरके आले नाहीत तर करार कागदावरच. बायकांना "प्रतिनिधी" म्हणून दोन खुर्च्या द्यायच्या नाहीत. नवऱ्याने मुलीच्या घरी द्यायचं देज गुरांत मोजलं जातं आणि गुरं लुटायला पोरांना चेव कशाने चढतो हे त्या सगळ्यांत आधी सांगतात.

आधीच्या फेऱ्या. दोन्ही बाजूंना वेगवेगळं भेटून "काय मान्य होणार नाही" तेवढंच विचारायचं. ज्या मुद्द्यावर दोघंही "कधीच नाही" म्हणतात तो या बैठकीत आणायचा नाही.

प्रवास. हेलिकॉप्टरच्या जागा आणि उड्डाणाची सुरक्षा हमी आठवडाभर आधी. दोन्ही बाजूंचे लोक एकाच दिवशी पोचले पाहिजेत. एक बाजू आदल्या दिवशी येऊन यजमानाशी जेवली तर दुसऱ्या बाजूने आधीच हार मानलेली असते.

भत्ता. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. एका संस्थेने दिवसाला अमुक दिलं की पुढच्या बैठकीला तेवढं मागतात, आणि तेच पाच चेहरे प्रत्येक बैठकीत दिसायला लागतात. जेवण, निवास, प्रवास द्या, रोख नको, आणि हे बोलावतानाच सांगा.

कागद. करार दोन भाषांत आणि मोठ्याने वाचून. वाचता न येणाऱ्यांचा अंगठा हवाच, पण अंगठ्याआधी त्यांच्या भाषेत संपूर्ण वाचन. शेवटी तीन नावं: भरपाईचा निवाडा कोण करणार, किती दिवसांत, आणि ते झालं नाही तर कुणाकडे जायचं. नावं नसतील तर पहिली गाय मेली की करार मेला.

वाशी_सेक्टर_१७

आमच्या सोसायटीचा पार्किंगचा करार यापुढे मारियल बाईंच्या पद्धतीने. भरपाई गाईत.

दिघा_गावठाण

हे वाचून सिडको आठवली, नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ. पंच्याण्णव गावांच्या जमिनी घेताना गावात येऊन ऐकणारं कुणी नव्हतं. १९८४ ला जासईत गोळ्या चालल्या, त्यानंतरही साडेबारा टक्के योजना (घेतलेल्या जमिनीच्या तेवढ्या टक्के विकसित भूखंड परत) यायला वर्षं गेली. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील लोकांच्या बाजूने उभे होते, पण सरकारच्या बाजूने ऐकायला माणूस कोण होता? शासन पोचवायला मदत करायची म्हणता, तर असं शासन पोचून काय उपयोग?

गटसंचालक

दिघाकर, मुद्दा मोलाचा आहे. पण साडेबारा टक्क्यांवर वेगळा धागा आहे, तिथे बोलू. इथे मूळ प्रश्नाकडे या.

निळीटोपी

संचालक, त्यांचा प्रश्न मूळ विषयालाच भिडतो. तिसऱ्या कामाचा काच हाच आहे.

शासन नसतं तिथे मोहीम कमिशनरला नेते, कार्यालय बांधून देते, खुर्ची-टेबल, शिक्का. पण तेच शासन भांडणातला एक पक्ष असेल तर? दक्षिण सुदानात डिसेंबर २०१३ ला युद्ध पेटलं, हजारो लोक जीव मुठीत धरून मोहिमेच्या तळांत शिरले. मे २०१४ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव २१५५ करून शासनबांधणीचं काम बाजूला ठेवलं आणि नागरिकांचं रक्षण पुढे आणलं. काल ज्या कमिशनरला संगणक दिला त्याच्याच माणसांपासून आज लोकांना वाचवायचं.

यातून शिकण्यासारखं एवढंच की इमारत द्यायच्या आधी विचारायचं, इथे बसणारा माणूस कुणाचं ऐकतो, आणि गावातल्या दुसऱ्या गटाला या दारातून आत यायला भीती वाटते का? भीती वाटत असेल तर आधी दार, मग इमारत. म्हणजे आठवड्यातला एक दिवस, ठरलेली वेळ, बाजाराच्या आवारात कमिशनर आणि तक्रारदार समोरासमोर. इमारत नंतर.

तलावपाळी_फेरफटका

ठाण्यातून या नोकरीत जायचं तर? भाचीसाठी विचारतेय.

रेतीबंदर

ताई, अर्ज संयुक्त राष्ट्रांच्या इन्स्पिरा या संकेतस्थळावरच. पदव्युत्तर पदवी लागते, किंवा पदवी आणि दोन वर्षं जास्तीचा अनुभव. पी-थ्री, पी-फोर, पी-फाइव्ह या पदांच्या चढत्या श्रेणी: पी-थ्रीला पाच वर्षं अनुभव, पी-फोरला सात, पी-फाइव्हला दहा. एकदम पी-थ्रीला जाण्यापेक्षा संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमातून जाणं सोपं. अनुभव म्हणजे दिल्लीतली परिषद नव्हे. आदिवासी भागात वनहक्काचे दावे, पुनर्वसन, पाणी वाटप, असलं भांडणाजवळचं काम. फ्रेंच आली तर काँगो आणि मध्य आफ्रिकेचे दरवाजे उघडतात. सध्या पैशांची टंचाई आहे, २०२५ मध्ये मोहिमांना मोठी कात्री लागली, मालीतली मोहीम तर २०२३ अखेरच बंद झाली. त्यामुळे जागा कमीच.

आणि अर्जाला, मुलाखतीला, प्रशिक्षणाला संयुक्त राष्ट्रं एक रुपयाही घेत नाहीत. पैसे मागणारा भामटा, मग लेटरहेडवर कितीही निळं चिन्ह असो.

पामबीचकर (नेरूळ)

फिती कापणं मागे घेतो. पण पहिल्या महिन्याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. सोमवारी रुजू झाला, पुढे?

येऊरकर

घ्या.

पहिले तीन दिवस बाहेर जायचं नाही. आधी स्थानिक सहकाऱ्यांना एकेकटं बसवून दोन प्रश्न: "मी कुठे जाऊ नये?" आणि "आपण आतापर्यंत काय काय कबूल केलंय?" दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं एका वहीत. आधीच्या तीन प्रमुखांनी कबूल केलेले पूल, शाळा, बोअर सगळे तिथे येतील. नवा प्रमुख गावात गेला की पहिला प्रश्न त्याच वहीतला असतो.

मग गव्हर्नरची भेट, शिष्टाचार म्हणून. पण त्याच आठवड्यात बिशप, बाजारातले व्यापारी, महिला संघटना आणि दुसऱ्या जमातीचे प्रमुख. दहा दिवसांचं अंतर पडलं की शिक्का बसला.

दुसऱ्या आठवड्यात भिंतीवर एक नकाशा: गेल्या सहा महिन्यांत कोणत्या तालुक्यात आपलं कुणीच गेलेलं नाही. अहवालात शांत दिसणारे तालुके बहुतेक तेच असतात. बटालियनच्या पुढच्या लांब गस्तीत आपल्या दोन जागा मागायच्या आणि ज्या गस्तीत आपण नाही तिला पाच प्रश्नांची चिठ्ठी द्यायची. शाळा उघडी आहे का, बाजारात ज्वारी काय भाव, गुरं कुठे आहेत, कोण गाव सोडून गेलंय, सैनिकांचा पगार झालाय का. शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा. पगार थकला की रस्त्यावर नाकी उभी राहतात.

तिसऱ्या आठवड्यात घोडबंदर_जाम यांचं कॅलेंडर: पाऊस, कापणी, गुरांची निघायची वेळ, ३० जून.

महिनाभर एकही नवीन प्रकल्प जाहीर करायचा नाही. वहीतलं प्रत्येक जुनं आश्वासन घेऊन त्या गावात जायचं आणि होणार की नाही ते सांगायचं. "नाही" सांगितल्यावर लोक चिडतात, तासभर बोलतात. मग जेवायला थांबवतात.

आणि नवं काही मागितलं तर वाक्य एकच: "मी हे वर कळवीन आणि अमुक तारखेला उत्तर घेऊन येईन, उत्तर नाही असलं तरी." तारीख पाळायची. हेलिकॉप्टर रद्द झालं तर रेडिओवरून निरोप, पण त्याच दिवशी.

मोरबेचं_पाणी

+१. वहीत प्रत्येक आश्वासनासमोर ते कुणाच्या तोंडून गेलं तेही लिहा. निम्मी आश्वासनं दुभाष्याच्या तोंडची असतात. साहेब म्हणतात "बघू", दुभाषा सांगतो "करून देतील".

पामबीचकर (नेरूळ)

मोरबे, हे भारी. आता दुभाष्याचा विषय निघालाच आहे तर शेवटची शंका: बैठकीत त्याला बसवायचं कुठे?

ढोकाळी

प्रमुखाच्या शेजारी नाही, नाहीतर सगळे त्याच्याकडेच बघून बोलतात. दोघांच्या मध्ये, अर्धं पाऊल मागे. दोन-तीन वाक्यं झाली की थांबायचं, तीन मिनिटांचं भाषण ठोकायचं नाही. डिंकामधून अरबी आणि अरबीतून इंग्रजी अशी दोन दुभाष्यांची साखळी असेल तर बैठकीला दुप्पट वेळ धरा.

आणि त्याला आधी जेवू घाला. सगळे जेवत असतात तेव्हा तो एकटाच बोलत असतो.